रावजी पेंटरची भारेवाली

महाडच्या बाजारपेठेतली निम्मी दुकानं एकाच माणसाच्या अक्षरात बोलायची. किराणा असो, कापड असो, सायकल दुरुस्ती असो, पाटीवरच्या ‘र’ची शेपटी खाली लांब ओढलेली दिसली की समजावं, रावजी हाटेचं काम. मालक कुरकुरायचे, शेपटी आखूड कर म्हणायचे. रावजी मान डोलवायचा आणि शेपटी होती तेवढीच ठेवायचा. माणूस लोण्यासारखा, पण एकदा नियम ठरला की दगड.

मी दत्ताराम, पोलादपूरच्या शाळेतला मास्तर. रावजीचा मित्र म्हणवून घ्यायची लायकी माझ्यात आता उरलेली नाही. तरी त्याच्याबद्दल लिहितो आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि मला गप्प बसता येत नाही. हा माझा जुना रोग आहे. त्या रोगाने काय केलं ते पुढे येईलच.

रावजीचा बाप खाडीच्या धक्क्यावर पोती उचलायचा. घर महाडच्या बौद्धवाडीत. रावजी सातवी झाला आणि शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. कोळशाने भिंतीवर, खडूने फरशीवर, जिथे जागा दिसेल तिथे गिरवायचा. पुढे दोन वर्षं मुंबईत एका पेंटरच्या हाताखाली राहिला आणि परत आला. “थितं नुसतं रंग देत बसायचं,” म्हणायचा, “अक्षर काढायला कोण देतंय?” लग्न झालं, बायको मंजुळा पोलादपूरकडची. नऊ वर्षं मूलबाळ नाही. लोकांनी अंगारेधुपारे सुचवले. रावजी म्हणाला, बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलंय, सोडलं. मग पंचाहत्तर साली बनू झाली. त्यानंतर या माणसाच्या बोलण्यात दर चौथं वाक्य बनूचं असायचं. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

खेळ आला तो एक्याऐंशी सालच्या दिवाळीआधी. दासगावचा एक खलाशी विलायतेच्या बंदरावरून परत आला होता आणि ट्रंकेवर नाव घालून घ्यायला रावजीकडे आला. जाताना त्याने एक खोका ठेवला. आत शिशाच्या अकरा बाहुल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, आणि एक इंग्रजी चोपडं. घरातली पोरं बाहुल्या तोंडात घालतात, तुम्ही ठेवा, रंगवायला होतील, असं म्हणाला. रावजीने चोपडं घेऊन थेट पोलादपूरची एस.टी. धरली.

“गुरुजी, ह्ये वाचा. ह्यात कायतरी खेळ हाय.”

मी डिक्शनरी घेऊन बसलो. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली, घरात बोलणी खाल्ली. पण खेळ उलगडला. दोन फौजा समोरासमोर मांडायच्या. कुणी किती पुढे जायचं ते मापाने मोजायचं. कुणी कुणाला मारलं ते फासा टाकून ठरवायचं. फौजेत नुसते शिपाई नाहीत; आग ओकणारी घोरपड होती, टोपीवाला जादूगार होता, कुऱ्हाडवाले बुटके होते. चोपड्यात लिहिलं होतं की गावोगावचे लोक दुकानात जमून हंगामभर लढती खेळतात, त्याला लीग म्हणतात. मला त्याला चांगला मराठी शब्द सुचेना. लीग ते लीग.

महाडला रामाचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बाजार बंद असायचा त्या दिवशी दुपारी त्याच्या मागच्या खोलीत आम्ही जमायला लागलो. महाडकडून रावजी आणि रामा, पोलादपूरकडून मी आणि चांगू. चांगू कशेडी घाटात ट्रक चालवायचा आणि हरला की घाटातला ट्रक समोर आल्यासारखा ओरडायचा. येऊनजाऊन आणखी दोघेतिघे असायचे. वह्यांच्या गठ्ठ्यांवर चादर टाकली की आंबेनळीचा डोंगर तयार. रंगवलेल्या पुठ्ठ्याची पट्टी अंथरली की सावित्री. फासे रामाच्या दुकानातल्या सापशिडीचे. जादूगाराला आम्ही भगत म्हणायला लागलो तेव्हा रावजी हसला. “आमी भगत घरातनं घालवला आणि तुमी त्याला टेबलावर आणलात व्हय?” पण फौजेत मात्र घेतला. भगत लांबून मारायचा ना.

अकरा बाहुल्यांनी लीग होत नाही. रावजी नदीकाठची चिकण माती आणून बाहुल्या करायला लागला. काय हात होता! तांदळाएवढ्या चेहऱ्यावर तो मिशा काढायचा. पांढऱ्या खडूचा हात द्यायचा, वर डिंकात कालवलेले रंग. बाहुली पडू नये म्हणून पायाच्या चकतीत नदीतला एक खडा दडपायचा. सावित्रीत काळे गुळगुळीत खडे मिळतात, वाटाण्याएवढे. खडा घातला की बाहुली ठाम उभी राहायची. मी नियमांची वही ठेवली होती, त्यात दहावा नियम हाच: खडा नसलेली बाहुली टेबलावर येणार नाही.

आणि पहिला नियम रावजीचा. बाहुल्या भाजायच्या नाहीत. कच्च्याच ठेवायच्या. लढतीत जो मेला तो तिथेच पाण्याच्या घमेल्यात जाणार, विरघळणार, आणि त्या मातीतून पुढच्या हंगामाचे शिपाई होणार. चांगू भडकला होता. एवढी मेहनत करून पाण्यात घालायची?

“मेलेला परत उभा ऱ्हायला तर मरायला भिणार कोण?” रावजी म्हणाला.

त्याचं खरं होतं. घमेलं खोलीत आल्यापासून आम्ही फासा जपून टाकायला लागलो. फासा टाकण्याआधी माणसं डोळे मिटायची. तीन हंगाम टिकलेला एखादा बुटका असला तर त्याला आम्ही नावाने हाक मारायचो. मी पन्नाशीला टेकलेला मास्तर, एक मातीचा बुटका घमेल्यात गेला म्हणून एस.टी.त तोंड फिरवून डोळे पुसलेले आहेत. हसा खुशाल.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत बनूने बाहुली केली. आठ वर्षांची होती. बापाचं बघून बघून शिकली. फौजेसाठी शिपाई कर म्हटलं, तर हिने केली डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली बाई. आमच्याकडे डोंगरातून रोज शंभर बाया तशा उतरतात, तिने तेच पाहिलेलं. नाक नाही, डोळे दोन ठिपके, भारा मात्र अंगापेक्षा मोठा आणि पुढे झुकलेला. चकतीच्या खाली तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघ न् रेघ दिसेल असा. रावजीने तो तसाच ठेवला. बाकी बाहुल्यांची चकती तो घासून गुळगुळीत करायचा.

“लढाईत भारेवालीचं काय काम?” रामाने विचारलं.

“फौजेला जेवाण कशावर शिजल?” बनू म्हणाली.

सगळे हसलो, आणि नियम झाला. भारेवालीजवळ जो शिपाई असेल त्याला एक फासा जास्त. आता अडचण अशी की ही बाई सारखी पडायची. टेबलाला धक्का लागला की पडली, कुणी शिंकलं की पडली. आणि पडायची ती नेहमी तोंडावर, पुढे. त्यावरून चेष्टा सुरू झाली आणि चेष्टेचाही नियम झाला: भारेवाली पडली तर एक बोट पुढे सरकली असं धरायचं. तो नियम मी माझ्या हाताने वहीत लिहिला. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरलो.

भारेवाली तो हंगाम जगली. कुणाचाच फासा तिच्यावर पडला नाही. खरं सांगायचं तर आम्ही तिच्यावर फासा टाकत नव्हतो.

मग चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली शेवटची लढत. महाड आणि पोलादपूर बरोबरीत होते. शेवटच्या डावात महाडच्या रामाचा शिपाई आमच्या भगतासमोर होता, पण भारेवालीपासून एक बोट लांब पडत होता, आणि त्याच वेळी भारेवाली पडली. तोंडावर, एक बोट पुढे. तिच्यामुळे रामाला जास्तीचा फासा मिळाला आणि आमचा भगत घमेल्यात गेला. पोलादपूर हरलं.

चांगू उठून उभाच राहिला. “ही बाय सारखी पडते कशी? हिच्यात खडाच नाय! खडा नाय ती खेळात कशी?”

आता मी गप्प बसलो असतो तर काय बिघडत होतं? पण नियमांची वही माझ्या मांडीवर. मी चष्मा सावरून वाचलं, “नियम दहावा.” अशा खणखणीत आवाजात वाचलं की जणू कोर्टात उभा आहे.

बनू कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धूत होती. रावजीने तिला हाक मारली. “बनू, हिच्यात खडा घातला व्हतास?”

“घातलाय, बाबा.”

“मग पडते कशी?”

“ठाव नाय. पण घातलाय.”

“आपण फोडून बघू,” चांगू म्हणाला. तो चिडूनच बोलला, फोडणार नव्हता. पण पोरीने धावत येऊन बाहुली छातीशी धरली. “फोडू नका! बाबा, फोडू द्यायची नाय!”

रावजी आमच्याकडे बघत होता. चार माणसांत आपल्या पोरीने लबाडी केली याची त्याला लाज वाटली, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. “फोडू नको म्हणतेस म्हंजे खडा नाय,” तो म्हणाला. “खोटारडी. जा घरी.”

बनू गेली. बाहुली टेबलावर ठेवून गेली. रावजीने ती घमेल्यात घातली नाही, एवढी माया त्याने नियमात बसवली. पण लढत त्याने पोलादपूरला दिली. आम्ही घेतली, आणि वर चहा प्यायलो.

त्या पावसात सावित्रीचं पाणी दोनदा बाजारपेठेत शिरलं. तसं ते दरवर्षी शिरतं, महाडकर जोत्यावर सामान चढवतात आणि वाट बघतात. ऑगस्टमध्ये बनूला ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली. मला निरोप मिळाला तेव्हा माती देऊन झाली होती.

त्या घराचं वर्णन करायला मला जमणार नाही आणि मी करणारही नाही. एकच सांगतो. बनूचा फोटो नव्हता. शाळेत फोटोवाला येणार होता, तो आलाच नाही. रावजी ब्रश घेऊन पत्र्यासमोर बसला. हा माणूस, ज्याने दुकानदारांच्या मेलेल्या बापांचे चेहरे फोटो बघून काढले होते, त्याला स्वतःच्या पोरीचा चेहरा काढता येईना. डोळे काढले की नाक दुसऱ्याच कुणाचं व्हायचं. त्याने सात वेळा पत्रा पुसला. आठव्यांदा मंजुळाने तो पत्रा उचलून बाहेर नेला आणि चुलीच्या सरपणावर झाकण म्हणून ठेवला.

“ऱ्हाऊ द्या आता,” ती म्हणाली. “मला दिसते ती मला दिसू द्या. तुमची बघून बघून माझीपण पुसंल.”

मग उरलं काय? एक फ्रॉक, एक पाटी, आणि ती भारेवाली. रावजी तिला राखेच्या डब्यात ठेवायचा, ओल लागू नये म्हणून. रोज संध्याकाळी काम आटपलं की डबा उघडायचा, बाहुली उलटी करायचा आणि चकतीखालच्या ठशावर आपला अंगठा ठेवून बसायचा. त्याचा अंगठा मोठा, ठसा पूर्ण झाकला जायचा. लीग बंद पडली. कुणी बंद केली नाही, पण कुणी घमेलं भरायला गेलंच नाही.

पुढच्या मे महिन्यात रावजी माझ्याकडे पोलादपूरला आला. हातात राखेचा डबा.

“गुरुजी, गेल्या पावसात घरात गुडघाभर पाणी व्हतं. डबा माळ्यावर ठेवला तरी ओल चढली. मानेला चीर गेलीय. तुमचं घर उंचावर हाय. चार म्हैने सांभाळाल?”

मी म्हणालो, जिवाप्रमाणे सांभाळीन. असं म्हणालो मी.

डबा उघडून बघितला. चीर होती, केसाएवढी. दुसऱ्या दिवशी बघितली तर मला वाढल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी मी भिंग लावून बघत होतो. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता, हवा आताच ओली. ही कच्ची माती आणखी किती पावसाळे काढणार? दोन? तीन? आणि मग एके संध्याकाळी हा माणूस डबा उघडेल आणि आत चिखल असेल. मला ते सहन होईना. मग माझ्या डोक्यात आलं की भाजली तर? भाजली की कायमची. रंग जळतील, ते मी तसेच्या तसे पुन्हा देईन. ठसा मात्र जन्मभर राहील. पुराच्या पाण्यात बुडाला तरी राहील.

रावजीचा नियम होता, भाजायचं नाही. पण तो खेळाचा नियम. हे काय खेळाचं होतं?

पोलादपूरच्या वेशीवर पांडू कुंभार होता. मी गेलो तर तो आवा रचत होता. म्हणाला, “मास्तर, ही शेवटची भट्टी. पाऊस लागला की मग दसऱ्याशिवाय नाय. उद्या सकाळी पेटवणार.”

महाड एस.टी.ने तासाभरावर. त्या संध्याकाळी जाऊन रावजीला विचारून येता आलं असतं. शेवटची गाडीही होती. मी गेलो नाही. मला वाटलं, विचारलं तर तो नको म्हणेल; आणि भाजून पक्की करून दसऱ्याला त्याच्या हातात ठेवली तर त्याचा चेहरा कसा होईल! मला तो चेहरा बघायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी चौथीला दरवर्षी शिकवतो.

पांडूने बाहुली तळहातावर घेतली, हलवून बघितली. “आत काय हाय का? खडाबिडा? आत दगड असंल तर फुटंल, सांगून ठेवतो.”

“काही नाही,” मी म्हणालो. “हिच्यात खडा नाही हे सगळ्या महाडला ठाऊक आहे. म्हणून तर ही पडते.”

दोन दिवसांनी आवा उघडला. मडक्यांच्या आडोशाला मी ती ठेवायला लावली होती. तिथे कपच्या होत्या. एकही कपची नखापेक्षा मोठी नव्हती. मी गुडघ्यावर बसून राख चाळली. चकतीचा तुकडा मिळेल, ठशाचा निदान अर्धा तरी मिळेल म्हणून. गरम राखेत बोटं भाजली. ठसा मिळाला नाही. मिळाला तो काळा खडा, दोन तुकडे झालेला. वाटाण्याएवढा.

आणि ज्या कपचीला त्यातला एक तुकडा अजून चिकटून होता, त्या कपचीवर कोरलेल्या काटक्यांच्या रेघा होत्या. ती भाऱ्याची कपची होती.

पोरीने खडा घातला होता. पायाच्या चकतीत नाही, डोक्यावरच्या भाऱ्यात. बाई ओझं पायात थोडीच वाहते? ओझं डोक्यावर असतं. तिने नियम पाळला होता, तिच्या डोळ्यांनी जग बघून पाळला होता. म्हणून ती बाहुली तोंडावर पडायची. “घातलाय, बाबा,” म्हणाली होती. “ठाव नाय, पण घातलाय.” खरं तेच बोलली होती, आणि आम्ही चौघांनी तिला घरी पाठवलं होतं.

पांडू म्हणाला, “मी बोललो व्हतो, मास्तर.”

पुढचे चार महिने मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण सुरुवात केली आहे तर लिहितो. मी दुसरी बाहुली केली. नदीची माती आणली, भारा केला, डोळ्यांचे दोन ठिपके दिले. पंधरा फसल्या, सोळावी जमली. मानेला सुईने चीर पाडली. चकतीखाली ठसा हवा होता, माझा अंगठा मोठा, म्हणून करंगळी दाबली. खडा घातला नाही. ही पडायलाच हवी होती. टेबलावर ठेवून धक्का दिला, पडली. शंभरदा पडली. पडते एवढंच मी बघितलं. मी स्वतःवर खूश झालो. तो फुटका खडा मात्र कोटाच्या खिशात ठेवला. का ठेवला, फेकून का दिला नाही, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दसरा झाला, दिवाळी आली. रामाने निरोप धाडला की वर्ष झालं, रावजी घरात नुसता बसून असतो, एक लढत तरी मांडू. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी सगळे जमलो. चांगूने येताना पेढे आणले. रामाने चादर टाकून डोंगर केला. घमेलं भरलं. रावजी आला, वाळला होता, पण भारेवाली सोडून बाकी सगळे शिपाई त्याने एका खोक्यात जपून आणले होते. मी राखेचा डबा त्याच्या हातात दिला.

“चीर वाढली नाय,” तो म्हणाला. चेहरा उजळला. मला हवा होता तो चेहरा मला मिळाला.

त्याने भारेवाली टेबलावर उभी केली. फौजेच्या मागे, तिच्या जागेवर. मग सगळ्यांकडे बघून, वर्षाने पहिल्यांदा, थोडं हसला आणि टेबलाला बोटाने टिचकी मारली.

भारेवाली पडली. पाठीवर.

रावजीने ती उचलली, पुन्हा उभी केली, पुन्हा टिचकी मारली. पाठीवर. तिसऱ्यांदा पाठीवर. मग त्याने ती उलटी केली आणि ठशावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “ही कोण?”

मी सगळं सांगितलं. भट्टी, पांडू, राख, करंगळी. सांगताना माझी जीभ अडखळली नाही, मास्तरची जीभ. तो ऐकत होता. इथवर ठीक होतं. बाहुली गेली, मी गुन्हेगार, त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या, आयुष्यभर तोंड बघितलं नसतं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण मला वाटलं, पोरीची बाजू राहिली. निदान तिचं खरं तरी बापाला कळू दे. मी खिशात हात घातला आणि खड्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

“तिच्यात खडा होता, रावजी. तिने घातला होता.”

“कुठं?”

“भाऱ्यात. डोक्यावरच्या भाऱ्यात.”

रावजीने दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांना जुळवून बघितले. नीट जुळले. चांगूने तोंड भिंतीकडे केलं.

“मी तिला खोटारडी म्हणलो,” रावजी म्हणाला. “चार मान्सांत. जा घरी म्हणलो.”

त्याने खोका ओढला आणि एकेक शिपाई काढून घमेल्यात ठेवायला लागला. ठेवत होता, टाकत नव्हता. बुटके, भगत, घोरपड, तीन हंगाम टिकलेले, नाव ठेवलेले. रामा “रावजी, अरे” म्हणाला आणि थांबला. माझी भारेवाली मात्र त्याने घमेल्यात घातली नाही. ती माझ्यापुढे सरकवली. मग तुकडे मुठीत धरून तो निघून गेला. पाणी बराच वेळ लाल-निळं होत राहिलं.

त्यानंतर लीग नाही, काही नाही. खलाशाच्या अकरा शिशाच्या बाहुल्या रामाच्या दुकानात धूळ खात आहेत. मंजुळा म्हणते, ते रात्रीचे जेवत नाहीत, मूठ उघडून बसतात. बनूबद्दल आता ते कधीच बोलत नाहीत. आधी तिच्या आठवणी तरी काढायचे, आता आठवण आली की तीच एक दुपार येते, असं मला तिनेच सांगितलं. सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी खरं बोललो याचा मला काही काळ मोठेपणा वाटला होता. तोही गेला.

आता एकोणनव्वद चालू आहे. गेल्या महिन्यात आमच्या शाळेची पाटी नव्याने रंगवायची निघाली. मी मुद्दाम दुसरा पेंटर बघा म्हटलं, पण हेडमास्तरांनी रावजीलाच बोलावलं. तो आला. केस पांढरे झालेत. मला बघून “काय गुरुजी, बरे हायेत ना?” असं विचारलं, जसं कुणालाही विचारतो. शिडीवर चढला. मी खाली चहाचा पेला धरून उभा राहिलो, दुसरं काय करायचं ते कळेना.

‘पोलादपूर’मधला ‘पू’ पुरा झाला. मग वरूनच, मागे न वळता, त्याने विचारलं.

“गुरुजी, तो खडा तुमी सावित्रीत का नाय टाकलात?”

मी पेला शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला. त्याने ब्रश रंगात बुडवला आणि ‘र’ काढायला घेतला.